सुईवरून उतरलेला कोट

“समुद्राच्या अथांग निळाईने झपाटलेल्या भैरूशेठ टंडेल यांनी सन एकोणीसशे एकतीसमध्ये एक स्वप्न पाहिले,” नंदकिशोरने खणखणीत आवाजात वाचलं आणि चष्म्यावरून ओटीवरच्या मंडळींकडे पाहिलं, कोणी वाहवा करतंय का ते.

कोणी केली नाही. आत विळीवर नारळ खवत बसलेल्या वैजयंतीला मात्र हसू आवरेना. स्वप्न म्हणे! आजेसासरे मिठागरावरचं मीठ मचव्यात भरून मुंबईला न्यायचे. ताडी पिऊन आडवे झाले की सकाळी दोघांनी धरून उठवावं लागायचं. आणि अथांग निळाई म्हणजे घणसोलीच्या खाडीतला गुडघाभर चिखल. त्यात झपाटण्यासारखं काय होतं? मीठ भिजू नये म्हणून मचव्यावर तेल पाजलेलं जाड कापड अंथरायचे. ते फाटलं तेव्हा त्यातला धड राहिलेला तुकडा कापून आजेसासूने, पुतळाबाईने, नवऱ्याला अंगरखा शिवला. कारण दर पावसाळ्यात त्याला खोकला व्हायचा आणि त्या खोकल्याला ती विटली होती. धंद्याचा इतिहास म्हणायचा तर एवढाच. पण चार रंगांत छापलेल्या त्या गुळगुळीत पत्रकात पुतळाबाईचं नाव भिंग लावून शोधलं तरी सापडलं नसतं.

“पुढे ऐका. ‘दुसऱ्या पिढीत पंढरीनाथशेठ यांनी मुंबईच्या गोदीतील खलाशांना बॉयलर सूट आणि रबरी कोट पुरवून व्यवसायाला आंतरराष्ट्रीय उंची दिली.’”

आंतरराष्ट्रीय! सासरे डोक्यावर गाठोडं घेऊन भाऊच्या धक्क्यावर उभे राहायचे. एका ग्रीक खलाशाने कोटाच्या बदल्यात त्यांना बूट दिले होते, दोन्ही डाव्या पायाचे. तेवढी उंची म्हणायची असेल तर म्हणा बापडे.

तिसऱ्या पिढीचा परिच्छेद सगळ्यांत लांब निघाला, कारण तिसरी पिढी म्हणजे स्वतः नंदकिशोर. दूरदृष्टी, आधुनिकीकरण, पलीकडे न्हावा-शेव्याला नवं बंदर झाल्यावर त्याने ओळखलेली संधी, सगळं रांगेने आलं. शेवटी एक ओळ होती : ‘या प्रवासात कै. थोरल्या बंधूंचे सहकार्य लाभले.’

वैजयंतीचा हात विळीवर थांबला. सहकार्य! वीस वर्षं तिच्या नवऱ्याने कातरी चालवली. या घराचा शिक्का बसलेला प्रत्येक कोट त्याने बेतला होता, अगदी मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. तेव्हा हा नंदकिशोर ब्रीफकेस घेऊन ऑर्डरी आणायला जायचा आणि येताना ब्रीफकेसमध्ये केळी आणायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सण होता, ओटीवर पाहुणे होते, म्हणून तिने पुढचा नारळ घेतला.

नारळी पौर्णिमेला टंडेलांच्या घरात समुद्राच्या आधी घरचा पुरुष भिजायचा. रीतच होती तशी. अंगणात पाट मांडायचा, घरातला कर्ता पुरुष पांढरी गंजी घालून त्यावर नवा कोट चढवायचा, आणि सुनांनी त्याच्यावर सात कळश्या पाणी ओतायचं. मग कोट काढायचा. गंजी कोरडी निघाली की कोटाला हळदकुंकू, आणि त्या वर्षीच्या मालावर होडीचा शिक्का. एक अट होती : पाटावर बसताना घालायचा कोट सुईवरून थेट उतरलेला पाहिजे, वरून काही काम केलेला चालायचा नाही. पासष्ट वर्षांत गंजी भिजली नव्हती. धक्क्यावरचे खलाशी या रीतीच्या गोष्टी सांगायचे आणि त्या भरवशावर कोट घ्यायचे.

या वर्षी तर बंदरात मोठी जहाजं ओढणारे टग चालवणाऱ्या एका कंपनीचे कॅप्टनसाहेब जातीने बघायला यायचे होते. चारशे कोटांची ऑर्डर होती. नंदकिशोर नेरूळहून मारुती एस्टीम घेऊन सकाळी आठलाच हजर झाला होता, सोबत बायको मीना आणि एमबीए करणारा मुलगा आशुतोष. गावठाणातल्या गल्लीत गाडी शिरेना, तर तिला वळवायला अर्धा तास आणि सहा सल्लागार लागले.

वाचन संपवून तो आत आला. “वहिनी, नारळीभात लवकर उरका हां. एकला टेम्पो येतोय. कॅप्टनसाहेब ओके म्हणाले की माल लगेच पाठवायचा.”

“कुठला माल?”

“मागच्या खोलीत कार्टन आलेत ना नावड्याच्या कारखान्यातून, चारशे पीस, तोच.”

“अहो, ते अजून उघडलेपण नाहीत आम्ही,” वैजयंती म्हणाली. “शिवणींना पट्टी मारायची हाय. शेजारच्या अरुणा, नमिता धरून आम्ही सहा जणी. दहा दिवस तरी लागतील.”

“पट्टी नाही मारायची.”

“म्हणजे?”

“लेडीज फिनिशिंग मी काढून टाकलंय.” नंदकिशोरने खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकली. “कारखान्यातून डायरेक्ट पॅक. आणि गणपती झाले की मागची खोली पाडायची. तिथे एसी शोरूम. तुम्हाला बोलणारच होतो.”

मागची खोली पाडायची! लग्न होऊन आल्यापासून एकोणतीस वर्षं ती त्या खोलीत बसली होती. शिवणयंत्राची सुई रबरी कापडातून जाते तेव्हा दर टाक्याला एक भोक पडतं. कोट आतून उलटा करायचा, शिवणीवर रबर सोल्युशनचा हात द्यायचा, सायकलच्या पंक्चरला देतात तसा, मग रबराची पट्टी चिकटवून अंगठ्याने दाबत दाबत न्यायची. गळ्यापासून घेरापर्यंत, आणि काखेत दुहेरी, कारण तिथे चार तुकड्यांच्या शिवणी एकत्र येतात. त्या वासाने डोकी चढायची, अंगठ्याची सालं निघायची. घरातले पुरुष त्या खोलीत कधी पाऊल टाकायचे नाहीत. बटणं लावतात बायका, असं त्यांना वाटायचं.

“भावजी,” ती जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाली, “पट्टी नसली तर पाणी आत जाईल.”

“कुठे जातं?” नंदकिशोर हसला. “वहिनी, आठ वर्षं मी स्वतः पाटावर बसतोय. त्याआधी दादा बसायचा, त्याआधी अण्णा. सुईवरून उतरलेला कोट, पट्टी नाही बिट्टी नाही, सात कळश्या पाणी, आणि गंजी कोरडी ठणठणीत. दर वर्षी! तुम्हीच तर ओतता पाणी. मग मला सांगा, ती पट्टी कशासाठी मारता?”

वैजयंतीचं उत्तर ऐकायलाही तो थांबला नाही. शोरूमची मापं घ्यायला मागे निघून गेला.

त्याला काय सांगणार होती ती? गंजी कोरडी राहायची ती कोटाच्या गुणाने नाही, सुनांच्या हाताने, हे? लग्नानंतरच्या पहिल्याच पुनवेला सासूने, सुंदराबाईने, कळशी हातात देताना तिच्या कानात सांगितलं होतं, “खांद्यावं वत. पाठीवं वत. काखेत थेंब जाता कामा नये.” खांद्यावर आणि पाठीवर सलग कापड असतं, तिथे शिवण नाही. बघणाऱ्याला वाटायचं धबधबा कोसळतोय. पाणी सगळं उतरणीने खाली जायचं आणि पाटावरचा पुरुष मिशीला पीळ देत उठायचा. सणाचं जेवण उरकलं की बायका मागच्या खोलीत बसायच्या आणि कोट खरोखर कोरडा ठेवण्याचं काम तिथून सुरू व्हायचं. तिला ही गंमत वाटायची. पुरुषांना मोठेपण हवं, घ्या बाबा मोठेपण, आपलं काय जातं? आणि आता त्या मोठेपणावर विसंबून या शहाण्याने पट्टीच बंद केली. तिला त्याचा जेवढा राग आला तेवढाच स्वतःचाही आला. एकोणतीस वर्षं लाड केले होते, कोणी सांगितलं होतं?

सुंदराबाई माजघरात पलंगावर बसून पूजेची फुलं निवडत होती. सत्तरी ओलांडली होती, पण नजर घारीची.

“आये, ऐकलं का? पट्टी बंद केली त्यांनी.”

“ऐकला.”

“मग सांगा त्यांना खरं काय ते. तुमचं ऐकतील.”

सुंदराबाईने मान वर केली नाही. “काय सांगू? का तुजा बापूस, तुजा आजूस, समदे आमच्या हातान कोरडे र्‍हायले? तुला ठावं नाय, पैल्या वर्साला काय झाला ता. भैरूशेट पाटावं बसला, धा गावचे मचवेवाले बघाया आलेले. गंजी भिजली. लोकां हसली. त्यानी तोच पाट उचलून पुतलाआयला मारला, हितं, कपालावं. खोक व्हती मरंपरंत. दुसऱ्या वर्सापासून ती वतायला शिकली. तिनी मना शिकवला, मी तुला शिकवला. पासष्ट वर्सांची अब्रू हाय ही.”

“अब्रू नाही ही आये, थाप हाय. आपण पट्टी मारायचो म्हणून ती थाप कोणाला लागली नाही. आता पट्टी नाही. चारशे पोरं हायत टगवर. भर पावसात जाड दोर हातात घेऊन कठड्याला उभी असतात. काखेतून पाणी शिरलं, हात गारठला, दोर सुटला म्हणजे? वर आपला शिक्का!”

म्हातारीचे हात फुलांवर थबकले. क्षणभर वैजयंतीला वाटलं, आता उठेल. पण ती म्हणाली, “त्याला कान हायत. तू सांग त्याला. मना मधी घेऊ नको. आनि कलशी धरशील तवा हात जाग्यावं ठेव.”

आठ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा भावकीतल्या बायका कुजबुजल्या होत्या, की आता हिने सणाची कळशी धरू नये. सुंदराबाईने एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं होतं : “कलशी तीच धरल.” वैजयंती त्या दिवशी सासूच्या गळ्यात पडून रडली होती. केवढी माया, असं वाटलं होतं तिला. बरीच वर्षं गेल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ओतायला दुसरं भरवशाचं कोणी नव्हतं, म्हातारीची माया होती ती एवढीच.

बरं, म्हातारी सांगत नाही तर आपण सांगू. वैजयंती पदर खोचून मागच्या दाराशी गेली. नंदकिशोर टेप धरून खोलीचं माप घेत होता, आशुतोष लिहून घेत होता, आणि मीना नाकाला रुमाल लावून दारात उभी होती. वैजयंतीने सगळं सांगितलं. पुतळाबाईचं, सासूचं, स्वतःचं. कुठे ओततात आणि कुठे नाही, तेही हाताने दाखवलं.

आधी आशुतोष हसला. “काकी, सिरियसली? म्हणजे पासष्ट वर्षं सगळ्या बायकांची कॉन्स्पिरसी?”

“काय म्हणायचं ते म्हण. कोट चढवून ये बाथरूममध्ये, आत्ता दाखवते.”

“वहिनी, बस झालं.” नंदकिशोरने टेप कर्रकन गुंडाळली. “खोली जातेय म्हणून हे नवीन काढलंत, न समजायला मी काय कुकुलं बाळ आहे? तासाभरात माणूस येतोय आणि तुम्ही आमच्या तीन पिढ्यांना नावं ठेवताय! मीना, तूही ओततेस ना माझ्यावर? असलं काही असतं तर तुला माहीत नसतं?”

मीनाला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पुनवेला तिच्या कानात वैजयंतीनेच सांगितलं होतं. मीनाने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग रुमालाची घडी घातली.

“मला नाही बाई काही माहीत,” ती म्हणाली.

“झालं तर मग!” नंदकिशोर एकदम मवाळ झाला. “वहिनी, टेन्शन घेऊ नका. शोरूममध्ये काउंटरला बसा ना तुम्ही. चांगल्या दोन-चार साड्या घेऊन देतो. हसून ‘वेलकम’ म्हणायचं, बाकी काही काम नाही.”

साड्या! वैजयंती वळली आणि विहिरीवर जाऊन कळश्या भरायला लागली. आज हा माणूस पाटावरून कोरडा उठला, तर एक वाजता चारशे कोट टेम्पोत चढणार आणि गणपतीनंतर खोलीवर हातोडा पडणार. सांगून पाहिलं, ऐकलं नाही. आता सांगण्यासारखं तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. कळशी होती.

कॅप्टनसाहेब अकराच्या ठोक्याला आले. रत्नागिरीकडचे होते, साठीचे, बारीक अंगाचे. आल्या आल्या आशुतोषने त्यांच्या हातात पत्रक ठेवलं. त्यांनी ते न उघडता घडी घालून खिशात टाकलं आणि विचारलं, “कोट कुठला घालणार? तुम्ही काढून ठेवलेला नको. मी निवडतो.” मग स्वतः मागे जाऊन मधलं एक कार्टन फोडलं आणि तळातला कोट काढून आणला. वैजयंतीला तो माणूस तिथेच आवडला.

अंगण गच्च भरलं. भावकी, शेजारी, भाडेकरू, माडीवरच्या गॅलरीत पोरं. नंदकिशोर पिवळाधमक कोट घालून पाटावर बसला. छाती पुढे, हनुवटी वर. सुंदराबाईला खुर्ची देऊन समोर बसवलं होतं.

“साहेब, आमच्या आजोबांपासूनची ट्रॅडिशन आहे ही,” तो सांगू लागला. “लॅबमध्ये टेस्ट कोणीही करतं. मालक स्वतः माल घालून बसतो, असं दुसरीकडे दाखवा मला. हां, ओता वहिनी!”

पहिली कळशी वैजयंतीची. तिने खांद्यावर ओतली, अगदी रीतीप्रमाणे. दुसरी मीनाची, पाठीवर. तिसरी वैजयंतीची, चौथी मीनाची. पाणी खळाळत खाली गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदकिशोरने डोळा मिचकावून कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. सुंदराबाई एकटक वैजयंतीच्या मनगटांकडे बघत होती.

पाचव्या कळशीला कर्त्याने दोन्ही हात उंच करून खाडीच्या दिशेने नारळ धरायचा असतो. सुना तेव्हा मागे सरकून कमरेपाशी नुसता शिंतोडा मारायच्या. नंदकिशोरने नारळ उचलला. “हे सागरदेवा,” त्याने टीव्हीवरच्या मालिकेत म्हणतात तसं म्हटलं. हात वर गेले, काखा उघड्या पडल्या.

वैजयंती मागे सरकली नाही. एक पाऊल पुढे आली, कळशी छातीपर्यंत उचलली, नीट नेम धरला आणि सगळीच्या सगळी त्याच्या उजव्या काखेतल्या शिवणीवर सावकाश ओतली. घाई केली नाही. पाणी शिवणीशी क्षणभर रेंगाळलं आणि आत गेलं.

“अगं आई गं!” सागरदेवाच्या पुढचे शब्द काही आले नाहीत. नंदकिशोर दचकून अर्धा उठला, मग चारचौघांचं भान येऊन पुन्हा बसला. विहिरीचं गार पाणी त्याच्या बरगड्यांवरून पोटाकडे निघालं होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं. पण नारळ खाली करता येईना. अपशकुन!

“मीना, पुढची,” तो दातांतून म्हणाला. “पाठीवर.”

सहावी कळशी मीनाची होती. ती कळशी घेऊन उभी राहिली आणि वैजयंतीला वाटलं, आता ही कमरेपाशी शिंतोडा मारणार, नेरूळच्या फ्लॅटची मालकीण ती, तिला काय पडलंय! मीनाने एकदा नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. मग ती डाव्या बाजूला गेली, पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि डाव्या काखेत ओतली.

“मीना!”

“हात वर ठेवा ना, नारळ पडेल,” मीना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

सातवी कळशी वैजयंतीने पुन्हा खांद्यावर ओतली. आता कुठेही ओतली असती तरी चाललं असतं.

नारळ खाली आला आणि अंगण वाट बघत राहिलं. कोट काढायचा होता. नंदकिशोर काही काढेना. “आधी एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे,” तो म्हणाला. “आशू, कॅमेरा आण. आणि साहेबांना थंड द्या कोणीतरी.”

“कोट काढा,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

“हो हो, काढतो ना, फोटो झाला की...”

“टंडेल, तुमच्या बाहीतून पाणी गळतंय. काढा.”

त्याने बटणं सोडली. गंजी दोन्ही बाजूंनी चिकटून पारदर्शक झाली होती आणि लेंग्याच्या नाडीपर्यंत ओघळ आले होते. गॅलरीतलं एक पोर खिदळलं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा, निदान त्यांच्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा, टंडेलांचा कर्ता ओला उठला होता. आता हा पाट उचलतो का काय, असं वैजयंतीला खरंच वाटून गेलं.

नंदकिशोरने चष्मा पुसला. एकदा वैजयंतीकडे पाहिलं, एकदा मीनाकडे. आणि मग, धन्य त्या माणसाची, चक्क हसला!

“पाहिलंत साहेब? हेच दाखवायचं होतं मला. विदाउट फिनिशिंग कोट कसा असतो ते. आमचे कॉम्पिटिटर असाच माल विकतात. आम्ही यावर आतून पट्टी मारतो. आमची स्पेशल प्रोसेस आहे, थ्री जनरेशन्सची.”

आशुतोषचा कॅमेरा हातातच राहिला. वैजयंतीला हसावं की कळशी फेकून मारावी कळेना. सकाळी ‘लेडीज फिनिशिंग’ होतं, अकरा वाजून वीस मिनिटांनी स्पेशल प्रोसेस झालं! पुढच्या पत्रकात ते त्याच्या दूरदृष्टीत जाणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

“असं?” कॅप्टनसाहेब म्हणाले. “मग पट्टी मारलेला दाखवा. आत्ता.”

नंदकिशोर इकडेतिकडे बघू लागला. त्याला कुठून ठाऊक असणार! वैजयंती मागे गेली आणि गेल्या खेपेच्या मालातला एक कोट घेऊन आली, खिशावर डाग पडला म्हणून बाजूला राहिलेला. पट्टी तिच्या स्वतःच्या हातची होती. नंदकिशोरने हात पुढे केला.

“तुम्ही नको, तुम्ही आधीच भिजलात,” कॅप्टनसाहेब म्हणाले. “कोरडं माणूस पाहिजे.”

कोणी पुढे येईना. आशुतोष दोन पावलं मागे सरकला. मग वैजयंतीने कळशी खाली ठेवली, साडीवर कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि जाऊन पाटावर बसली. अंगणात कुजबुज उठली. बाई पाटावर! आणि तीही नवरा नसलेली, सणाच्या दिवशी!

“वहिनी, काय तमाशा चाललाय?” नंदकिशोर दबक्या आवाजात म्हणाला. “उठा.”

“ज्याने पट्टी मारली त्याने बसायचं. ओता कोणीतरी,” वैजयंती म्हणाली आणि तिने दोन्ही हात सरळ वर केले. आज एखादा टाका सुटला असेल तर? एका भोकासाठी सगळं फुकट गेलं असतं, खोली, कोट, तिचा शब्द. ती मीनाकडे बघू लागली, पण मीनाचा खांदा नवऱ्याने धरून ठेवला होता.

खुर्ची करकरली. सुंदराबाई उठली होती. कोणाचा हात न धरता ती विहिरीपाशी गेली, भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि पाय ओढत पाटाशी आली. तिचा श्वास वैजयंतीच्या कानाला लागला. या वेळी कानात काही सांगितलं नाही तिने. कळशी थेट काखेत उलटी केली.

“आये!” नंदकिशोर ओरडला.

दुसरी डाव्या काखेत. तिसरी गळ्याशी, जिथे कॉलरची शिवण संपते तिथे. म्हातारीला सगळ्या जागा तोंडपाठ होत्या, पंचावन्न वर्षं तिने त्या चुकवल्या होत्या. चौथी, पाचवी. पाणी वैजयंतीच्या नाकातोंडात जात होतं, साडीचा घेर ओला झाला होता, आणि कोटाच्या आत, बरगड्यांशी, पोटाशी, कुठेही गार लागत नव्हतं. तिला एवढा आनंद झाला की मोठ्याने ओरडावंसं वाटलं. एकोणतीस वर्षं पट्टी मारत होती, आणि कोट आतून कसा लागतो ते तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

सात झाल्या. तिने बटणं सोडली आणि छातीवरचा पदर ओढून कॅप्टनसाहेबांपुढे धरला. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला. “कोरडा आहे,” ते म्हणाले. “टंडेल, टेम्पो परत पाठवा. चारशेच्या चारशे असेच पाहिजेत, पंधरा दिवसांनी. आणि मी बाईंकडूनच ताब्यात घेईन.”

“शुअर साहेब, ते तर आमच्या प्रोसेसमध्येच...” नंदकिशोर बोलत राहिला. गंजी अजून अंगाला चिकटलेली होती.

वैजयंती पाटावरून उठू लागली. तिच्या खांद्यावर सासूचा हात पडला आणि तिला पुन्हा खाली बसवलं.

“बस. बटनां लाव,” सुंदराबाई धापा टाकत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. “मीने, अजून एक कलशी भर.”

“आई, सात झाल्या,” मीना म्हणाली.

“तुला मोजाया कोनी सांगितला? ही पुतलाआयची. भर म्हनतंय ना.”

मीनाने खांद्यावरचा नवऱ्याचा हात काढला आणि ती विहिरीकडे गेली.